अँटीबॉडीचा दांडा रिसेप्टरला नेमका कुठं चिकटतो? ब्राउझरमध्ये स्वतः बघायची पद्धत

अँटीबॉडी म्हटलं की वाय आकार सगळ्यांना माहीत असतो, वरचे दोन हात जंतूला धरतात हे पण माहीत असतं, आणि खालच्या दांड्याबद्दल विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. मी पण होतो. एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला मला वाटायचं की दांडा म्हणजे नुसतं हँडल, हात धरून ठेवायला. खरं म्हणजे जंतू धरला गेलाय ही बातमी पेशीपर्यंत पोचवायचं काम हा दांडाच करतो, आणि ते कसं होतं हे अणूंच्या पातळीवर फुकटात, घरबसल्या, ब्राउझरमध्ये बघता येतं. तेच कसं करायचं ते इथं सांगतो. लॅपटॉप आणि इंटरनेट हवं, सॉफ्टवेअर काही टाकायचं नाही. मोबाइलवर पण चालतं पण बोटांनी छोटे अणू पकडताना वैताग येतो, त्यामुळं माऊस असेल तर उत्तम.

आपण उदाहरण घेतोय माणसाची आयजीजी१ अँटीबॉडी (आयजीजी हा रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार, १ हा त्यातला सबक्लास म्हणजे उपप्रकार) आणि एनके सेलवरचा रिसेप्टर. एनके म्हणजे नॅचरल किलर, बिघडलेल्या पेशी मारणारी पांढरी पेशी, आणि रिसेप्टर म्हणजे पेशीच्या बाहेर डोकावणारं, बातमी पकडणारं प्रोटीन. याला एफसी गॅमा आर थ्री ए किंवा सीडी१६ए म्हणतात. अँटीबॉडी लागलेली कॅन्सर पेशी एनके सेल मारते ती याच रिसेप्टरच्या जोरावर.

पायरी १: नावाचा घोळ आधी मिटवा

दांड्याला एफसी म्हणतात. १९५९ मध्ये रॉडनी पोर्टरने सशाच्या अँटीबॉडी पपेनने कापल्या, पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम, मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो त्यातलंच. तीन तुकडे झाले, दोन सारखे आणि एक वेगळा, आणि हा वेगळा तुकडा थंडीत आपोआप क्रिस्टल होऊन बसला. म्हणून एफसी, क्रिस्टल होणारा तुकडा. १९७२ चं नोबेल पोर्टर आणि एडेलमन दोघांना मिळालं. सांगायचं कारण म्हणजे एफसी हे नाव कामावरून पडलेलं नाहीये, त्यामुळं नावावरून त्याचं काम ओळखायला जाऊ नका.

पूर्ण आयजीजी साधारण १५० किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक), एफसी त्यातला अंदाजे एक तृतीयांश. दोन हेवी चेन, म्हणजे अमिनो अॅसिडच्या लांब माळा, शेजारी शेजारी, प्रत्येकीचे दोन गोळे: वरचा सीएच२, खालचा सीएच३. खाली सीएच३ एकमेकांना घट्ट चिकटलेले, वर सीएच२ एकमेकांपासून लांब. म्हणजे सांडशी उभी धरल्यासारखं दिसतं, टोकं वर. सीएच२ च्या वर हिंज, म्हणजे बिजागरी, आणि त्याच्या वर हात.

एक अवांतर: सर्पदंशावर आपल्याकडं जे अँटीव्हेनम देतात, हाफकिनचं वगैरे, ते घोड्याच्या अँटीबॉडीपासून बनतं आणि त्यात पेप्सिन नावाच्या एन्झाइमने दांडा कापून टाकलेला असतो. विष पकडायला हात पुरतात, दांडा ठेवला तर उगाच पेशी चाळवायच्या. दांड्याचं काम काय हे समजायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पायरी २: स्ट्रक्चर उघडा

प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबी, प्रोटीनच्या अणूंच्या नकाशांचा फुकट साठा, तिच्या आरसीएसबीच्या साइटवर जा आणि सर्चमध्ये ३एसजीजे टाका (टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडा आणि अक्षरं). हे २०११ मध्ये छापलेलं स्ट्रक्चर आहे, रिझोल्यूशन २.२ आंग्स्ट्रॉम. आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट. यातली पहिली जोडी २००० साली आली होती, झोंडरमान आणि सहकाऱ्यांची, कोड १ई४के, रिझोल्यूशन ३.२. ऐतिहासिक म्हणून ती भारी आहे पण तिच्यातला रिसेप्टर बॅक्टेरियात बनवला होता त्यामुळं त्यावर साखर (माणसाच्या पेशी प्रोटीनला जोडतात त्या साखरेच्या साखळ्या) नाही, आणि आपल्याला साखरच बघायचीय. म्हणून नवशिक्याने ३एसजीजेपासून सुरुवात करावी असं माझं मत, पुस्तकं काहीही म्हणोत.

पान उघडलं की 'स्ट्रक्चर' नावाच्या टॅबवर क्लिक करा, मोलस्टार नावाचा व्ह्यूअर उघडेल. डावं बटण दाबून ओढलं की फिरतं, चाक फिरवलं की झूम. पाच मिनिटं नुसतं खेळा. एखाद्या अमिनो अॅसिडवर क्लिक केलं की कॅमेरा तिथं जातो आणि आजूबाजूचे शेजारी काड्यांसारखे दिसायला लागतात, मधले बंध तुटक रेषांनी. रिकाम्या जागी क्लिक केलं की परत पूर्ण चित्र.

पायरी ३: कोण कुठलं ते ओळखा, आणि नंबरच्या खड्ड्यात पडू नका

वरच्या सीक्वेन्स पट्टीत चेन निवडता येतात. दोन चेन एफसीच्या, एक रिसेप्टरची. प्रत्येकीचं नाव वाचून खात्री करून घ्या, अंदाजाने जाऊ नका.

बऱ्याच गोष्टी तुम्हाला दिसणार नाहीत आणि त्या शोधत बसू नका. अँटीबॉडीचे हात नाहीत, फक्त एफसी घेतलाय. रिसेप्टरचा पेशीच्या पडद्यात रुतलेला भाग नाही, फक्त बाहेरचे दोन गोळे आहेत, डी१ आणि डी२. बिजागरीचा वरचा भाग पण गायब, कारण तो इतका हलतो की एक्स-रेला त्याचा फोटो नीट येत नाही. हलत्या पोराचा फोटो काढल्यासारखं.

आता नंबर. यात माझे दोन दिवस गेले होते. पेपरात वाचलं की साखर अस्पॅराजीन २९७ ला, म्हणजे २९७ व्या जागेवरच्या अस्पॅराजीन या अमिनो अॅसिडला, लागते, मी युनिप्रॉटमध्ये (प्रोटीनच्या माहितीचा ऑनलाइन साठा) आयजीजी१ ची हेवी चेन उघडली, तिथं साखर १८० वर. मला वाटलं चुकीचं प्रोटीन उघडलं, मग वाटलं पेपर चुकीचा, मग सीनियरला विचारलं तर तो हसला. दोन्ही बरोबर होतं. अँटीबॉडीवाले ईयू नंबरिंग वापरतात, ते पूर्ण अँटीबॉडीच्या हिशोबाने चालतं, आणि युनिप्रॉटमध्ये मोजणी त्या तुकड्याच्या सुरुवातीपासून होते, मध्ये ११७ चा फरक. मोलस्टारमध्ये माऊस वर नेला की कोपऱ्यात दोन आकडे दिसू शकतात, त्यातला 'ऑथ' लिहिलेला बघा, पेपराशी जुळतो तो तोच.

रिसेप्टरचं तर आणखी वाईट, सुरुवातीचा सिग्नल पेप्टाइड (प्रोटीन तयार होताना असतो आणि नंतर कापला जातो तो तुकडा) मोजला की नाही यावरून १८ चा फरक पडतो, आणि काही जुन्या स्ट्रक्चरमध्ये आणखी दोनतीनचा. त्यामुळं रिसेप्टरच्या बाबतीत मी इथं कमीत कमी नंबर देतोय, शेजारी बघून ओळखायची सवय लावा.

पायरी ४: लांबून बघा

झूम आउट करा. सांडशीच्या दोन टोकांच्या मध्ये रिसेप्टरचा डी२ बसलेला दिसेल. डी१ बाजूला वाकलेला, तो अँटीबॉडीला जवळपास हातच लावत नाही.

आता विचार करा, एफसीच्या दोन्ही चेन अगदी एकसारख्या, मग दोन्ही बाजूंनी एकेक रिसेप्टर बसायला हवा ना? बसत नाही. रिसेप्टर मधोमध शिरतो आणि दोन्ही चेनला एकाच वेळी पकडतो, त्यामुळं दुसऱ्याला जागाच उरत नाही. एक अँटीबॉडी, एक रिसेप्टर. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि लोक नेमकं हेच घाईत सोडून देतात. पेशीला सिग्नल जायला रिसेप्टर एकमेकांजवळ यावे लागतात. एकाच अँटीबॉडीला दोन रिसेप्टर धरता आले असते तर रक्तात मोकळी फिरणारी प्रत्येक अँटीबॉडी पेशीला उठवत बसली असती. रक्तात आयजीजी लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे काय गोंधळ झाला असता बघा. पण एकाला एकच असल्यामुळं टाळी वाजायला खूप अँटीबॉडी एकाच जंतूवर शेजारी शेजारी बसलेल्या लागतात.

पायरी ५: बिजागरीचा खालचा भाग

एफसीच्या एका चेनमध्ये २३४ पासून २३९ पर्यंत जा: ल्यूसीन, ल्यूसीन, ग्लायसीन, ग्लायसीन, प्रोलीन, सेरीन. एकेकावर क्लिक करत रिसेप्टरचे शेजारी बघा, मग दुसऱ्या चेनमध्ये तेच नंबर बघा. शेजारी वेगळे निघतील. सारखीच दोन माणसं पण एकाने समोरच्याचा दंड धरलाय आणि दुसऱ्याने मनगट, असं काहीतरी.

हा छोटा तुकडा किती महत्त्वाचा आहे ते सबक्लास शेजारी ठेवले की कळतं. आयजीजी१ मध्ये ल्यूसीन-ल्यूसीन-ग्लायसीन-ग्लायसीन, आयजीजी४ मध्ये पहिल्या ल्यूसीनच्या जागी फिनाइलअलॅनिन, आणि आयजीजी२ मध्ये तिथं व्हॅलिन-अलॅनिन येतं आणि एक ग्लायसीनच कमी. आयजीजी२ आणि ४ या रिसेप्टरला कमजोर चिकटतात त्याची बरीचशी कारणं इथं सापडतात (सगळी नाही, ३२७ आणि ३३१ ला पण फरक आहेत). औषधवाले याचा मुद्दाम फायदा घेतात. २३४ आणि २३५ दोन्ही ल्यूसीन बदलून अलॅनिन केली की चिकटणं खूप घटतं, लॅबमध्ये याला सरळ 'लाला' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणाचं तरी नाव आहे.

कॅन्सरची निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं आयजीजी४ का आहेत हेही इथं उलगडतं. ती टी सेलवर, म्हणजे कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवर, जाऊन बसतात. टी सेलला जागं करायचंय, एनके सेलकडून मारून घ्यायचं नाहीये.

पायरी ६: वडापाव

आता एफसीमध्ये प्रोलीन ३२९ शोधा. दोन्ही चेनमध्ये आहे, दोन्ही क्लिक करून बघा. एक नुसतंच मोकळं असेल. दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना रिसेप्टरची दोन मोठी, चपटी ट्रिप्टोफॅन दिसतील आणि मधे आपलं प्रोलीन दाबून बसलेलं. पेपरात याला प्रोलीन सँडविच म्हणतात, आमच्या लॅबमध्ये वडापाव. ट्रिप्टोफॅनची रिंग चपटी आणि प्रोलीन पण रिंगवालं, त्यामुळं एकावर एक छान बसतात, पाणी बाहेर ढकललं जातं. इथं हायड्रोजन बंध शोधत बसू नका, ही पकड मुख्यतः तेलकट जातीची आहे.

या प्रोलीनचं ग्लायसीन केलं की पाव आहे पण वडा नाही. लालासोबत हा बदल जोडला की रिसेप्टरशी संबंध जवळपास संपतोच.

पायरी ७: साखर

इथं घाई करू नका, चहा घेऊन बसा.

मोलस्टारमध्ये साखरा रंगीत ठोकळ्यांनी दाखवतात. निळा चौकोनी ठोकळा म्हणजे एन-अॅसिटिलग्लुकोसअमीन, हिरवा गोळा मॅनोज, पिवळा गोळा गॅलॅक्टोज, लाल शंकू फ्यूकोज. एफसीच्या दोन्ही चेनला अस्पॅराजीन २९७ वर एकेक साखरेचं झाड आहे आणि ती दोन्ही झाडं सांडशीच्या आतल्या पोकळीत वाढलेली आहेत. ती सीएच२ ना योग्य अंतरावर, योग्य आकारात राखायला मदत करतात. साखर काढून टाकली तर या कुटुंबातल्या बहुतेक रिसेप्टरशी चिकटणं कोसळतं. अॅटेझोलिझुमॅब या औषधात २९७ चं अस्पॅराजीनच बदलून टाकलंय, म्हणजे साखर लागायला खुंटीच नाही. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजिनीस हा जंतू तर एन्डोएस नावाचं एन्झाइम सोडून आपल्या अँटीबॉडीची ही साखर कापतो. जंतूला पण माहितीय बघा कमजोर जागा कुठली ते.

आता रिसेप्टरच्या बाजूला या. सीडी१६ए वर साखर लागायच्या पाच जागा आहेत, त्यातली पेपरात अस्पॅराजीन १६२ म्हणतात ती अँटीबॉडीच्या अगदी तोंडाशी आहे. तिचं झाड बघा, ते एफसीच्या एका चेनच्या झाडाला जाऊन भिडलंय. म्हणजे प्रोटीन प्रोटीनला चिकटलंय आणि वर साखर साखरेला. ३एसजीजेमध्ये एफसीच्या झाडांवर लाल शंकू नाही, मुद्दाम फ्यूकोज नसलेली अँटीबॉडी घेतलीय.

दुसरा टॅब उघडून ३एसजीके टाका, तीच जोडी पण फ्यूकोजसकट. आता एफसीच्या साखरेच्या पहिल्याच निळ्या ठोकळ्याला लाल शंकू लटकलेला दिसेल. तो नेमका दोन झाडांच्या मध्ये येतो आणि रिसेप्टरच्या झाडाला थोडं लांब सरकावं लागतं. बस, इतकंच. लोकलच्या चौथ्या सीटवर कोणी पिशवी ठेवली की बसता येतं पण नीट नाही, तसं. पण या एका साखरेमुळं चिकटण्यात मोठा फरक पडतो, फ्यूकोज काढली की पद्धतीनुसार दहापट ते पन्नासपट जास्त घट्ट. आपल्या रक्तातल्या बहुतांश आयजीजीवर फ्यूकोज असते, म्हणजे शरीर स्वतःच हँडब्रेक थोडा ओढून ठेवतं. जपानमध्ये २०१२ ला मंजूर झालेलं मोगामुलिझुमॅब फ्यूकोजशिवाय बनवलंय, आणि ओबिनुटुझुमॅबवर फ्यूकोजचं प्रमाण खूप कमी ठेवलंय. हँडब्रेक सुटला की नुकसानही होतं, डेंगी गंभीर झालेल्या रुग्णांमध्ये फ्यूकोज नसलेली आयजीजी१ जास्त सापडलीय.

एक सावधगिरी: साखरेची टोकं हलतात, त्यामुळं स्ट्रक्चरमध्ये झाडाच्या शेवटच्या फांद्या कधी अर्धवट दिसतात कधी दिसतच नाहीत. दिसली नाही म्हणजे तिथं नव्हती असं म्हणू नका. आणि अल्फाफोल्ड २ ने बनवलेलं मॉडेल घेऊन हा प्रश्न सोडवायला जाऊ नका, त्यात साखर नसतेच, म्हणजे अर्धी गोष्ट गायब.

पायरी ८: माणसागणिक फरक

रिसेप्टरच्या १५८ नंबरच्या जागी (सिग्नल पेप्टाइड धरून मोजलं तर १७६) काही लोकांत व्हॅलिन असतं, काहींत फिनाइलअलॅनिन. ही जागा बिजागरीच्या खालच्या भागाला टेकते. व्हॅलिनवाला रिसेप्टर आयजीजी१ ला जास्त घट्ट धरतो. २००२ मध्ये फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की रिटुक्सिमॅब हे अँटीबॉडी औषध दिलेल्या फॉलिक्युलर लिम्फोमाच्या (एक प्रकारचा कॅन्सर) रुग्णांत दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्यांना प्रतिसाद चांगला मिळाला. एका अमिनो अॅसिडचा परिणाम थेट वॉर्डमध्ये दिसला. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत चित्र इतकं स्वच्छ आलेलं नाही हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही हे वाक्य सेमिनारमध्ये फेकाल आणि कोणीतरी पकडेल.

पायरी ९: घट्ट म्हणजे किती घट्ट

चिकटण्याचं माप केडी, आकडा लहान तितकी पकड घट्ट. आयजीजी१ आणि सीडी१६ए चा केडी साधारण मायक्रोमोलरच्या अलीकडे पलीकडे. पहिल्या प्रकारचा रिसेप्टर, एफसी गॅमा आर वन, नॅनोमोलरमध्ये (मायक्रोमोलरचा हजारावा भाग), तो एकटाच या कुटुंबात घट्ट पकडीचा. नवीन मुलं मायक्रोमोलर वाचून म्हणतात अरे ही तर कमजोर पकड, काहीतरी चुकलंय. चुकलं काही नाही, एकेकटी अँटीबॉडी आली तशी सुटावी हेच बरंय, आणि जंतूवर शंभर बसल्या की एक सुटली तरी नव्याण्णव धरून असतात.

म्हणूनच मशीनवर मोजताना बघा की रिसेप्टर एकेरी आहे की दुहेरी करून लावलाय, आणि अँटीबॉडी एकेकटी आहे की गुठळ्या झाल्यात. नाहीतर सामूहिक पकड मोजून एकट्याची म्हणून लिहाल, मी रिपोर्टमध्ये लिहून झालेलं बघितलंय.

आणखी एक चूक सर्रास होते. अँटीबॉडी प्रोटीन ए कॉलमला (अँटीबॉडी गाळून शुद्ध करायची नळी) छान चिकटली म्हणजे एफसी ठीक आहे, रिसेप्टरला पण चिकटेल, असं धरून चालतात. प्रोटीन ए खाली सीएच२ आणि सीएच३ च्या सांध्यात चिकटतं, रिसेप्टर वर टोकाला. साखर काढलेली अँटीबॉडी पण कॉलमला मजेत चिकटते. त्याच सांध्यात एफसीआरएन नावाचा वेगळा रिसेप्टर बसतो, आयजीजी रक्तात तीनेक आठवडे टिकते ती त्याच्यामुळं, आणि तो आंबट वातावरणात, पीएच ६ च्या आसपास, धरतो आणि ७.४ ला सोडतो. तिथली हिस्टिडिनं, ३१० आणि ४३५, ही त्यामागची मुख्य कळ. हे बघायचं असेल तर ४एन०यू उघडा, तिथं अल्ब्युमिन पण सोबत आहे त्यामुळं गर्दी वाटेल.

पायरी १०: स्वतःची परीक्षा

१एफ६ए उघडा. ही अॅलर्जीवाली आयजीई आणि मास्ट सेलवरचा (अॅलर्जीची लक्षणं सुरू करणारी पेशी) तिचा रिसेप्टर, २००० सालचं स्ट्रक्चर, रिझोल्यूशन ३.५ म्हणजे जरा धूसर. इथली पकड केडीच्या हिशोबात १०⁻¹⁰ मोलरच्या आसपास, म्हणजे आपल्या सीडी१६ए पेक्षा हजारो पट घट्ट, त्यामुळं आयजीई पेशीवर आधीच जाऊन बसून राहते आणि परागकण आला की लगेच शिंका सुरू. पण रिसेप्टर बसलाय कुठं बघा, परत सांडशीच्या टोकांच्या मध्ये, परत दोन चेनला मिळून एकच. आता आयजीईचं प्रोलीन ४२६ शोधा, दोन्ही चेनमध्ये, आणि कुठल्या चेनच्या प्रोलीनला दोन्ही बाजूंनी पाव मिळालाय ते ओळखा.